सांध्यांची सूज आणि जनुकं: मराठवाड्यातल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईला आमवात आहे. मला होणारच का?

नाही. धोका वाढतो, पण न होण्याची शक्यताच कितीतरी जास्त राहते. आमवात, म्हणजे चिठ्ठीवरचा ‘आरए’, आपल्याकडे हजार प्रौढांत साधारण पाच ते आठ जणांना असतो आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट दिसतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर धोका अंदाजे तिप्पट धरतात, म्हणजे हजारात वीस-पंचवीस. आमवाताच्या रुग्णांची शंभर लेकरं घेतली तर त्यांतल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांना तो होत नाही.

‘आमवात ६० टक्के आनुवंशिक आहे’ असं वाचलं. ते खोटं का?

आकडा बरोबर आहे, त्याचा लावलेला अर्थ चुकतो. समाजात कुणाला आजार होतो आणि कुणाला नाही, या फरकातला किती वाटा जनुकांमुळे आहे, त्याचा तो अंदाज आहे. तुमच्या लेकराला होण्याची शक्यता ६० टक्के, असं तो सांगत नाही. एकसारख्या जुळ्यांकडे पाहा. त्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. तरी एकाला आमवात असताना दुसऱ्यालाही झाल्याचं प्रमाण १२ ते १५ टक्क्यांच्या आसपासच आढळलं. बाकीचं काम धूर, धूळ, संसर्ग, हिरड्या, हार्मोन आणि बराचसा योगायोग करतो.

जनुकात नेमकं वेगळं काय असतं?

सगळ्यात मोठा वाटा एचएलए जनुकांचा. ही जनुकं पेशीच्या पृष्ठभागावर बसणारी प्रथिनं बनवतात. त्या प्रथिनांना एक खोबण असते. पेशी प्रथिनांचे बारीक तुकडे त्या खोबणीत धरून टी-पेशींना (पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवते आणि टी-पेशी ‘आपलं की परकं’ ते ठरवते. खोबणीचा आकार बदलला की कोणता तुकडा तिथे बसेल तेही बदलतं.

आमवातात एचएलए-डीआरबी१ या जनुकाचे काही प्रकार जास्त सापडतात. त्या सगळ्यांत ७० ते ७४ या जागांवरचा अमिनो आम्लांचा क्रम जवळपास सारखा असतो, हे १९८७ साली मांडलं गेलं. उत्तर युरोपात यांतला ०४:०१ हा प्रकार ठळक आहे, तर भारतीय रुग्णांत १०:०१ वारंवार भेटतो. पीटीपीएन२२ या दुसऱ्या जनुकातला २००४ साली सापडलेला बदल युरोपीय रुग्णांत महत्त्वाचा ठरला, पण आपल्याकडे तो मुळातच विरळ. याखेरीज शंभराहून जास्त जागी छोटे छोटे फरक सापडले आहेत. एकेक फरक धोका जेमतेम दहा-वीस टक्क्यांनी वर-खाली करतो. त्यामुळे ‘आमवाताचं जनुक’ अशी एकच वस्तू दाखवता येत नाही.

मग आमवातासाठी जनुक तपासणी करावी का?

करू नये. डीआरबी१चे हे प्रकार असलेली बहुसंख्य माणसं आयुष्यभर ठणठणीत असतात, आणि आमवात असलेल्या अनेकांत ते नसतात. पैसे खर्च करायचेच तर अँटी-सीसीपी आणि आरए फॅक्टर (आमवाताच्या अँटिबॉडी), ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) या रक्ततपासण्यांवर करा, तेही सांधे सुजले असतील तरच.

आरए फॅक्टरबद्दल एक सावधगिरी. तो शंभरातल्या चार-पाच निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येतो. क्षयरोग, कुष्ठरोग, कावीळ-ब आणि कावीळ-क यांत येतो, वय वाढलं की आणखी जास्त येतो. उलट आमवात असलेल्या वीस-तीस टक्के रुग्णांत तो निगेटिव्ह असतो. नुसता गुडघा दुखतोय, सूज नाही, आणि कागदावर ‘आरए पॉझिटिव्ह’ आहे म्हणून वर्षानुवर्षं मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी खाणारे लोक कमी नाहीत. अँटी-सीसीपी जास्त भरवशाची. ती सूज यायच्या काही वर्षं आधीही रक्तात दिसू शकते.

एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं. कणा कायमचा आखडणार का?

बी२७ हा एचएलए जनुकांचाच एक प्रकार. तो आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (एएस, म्हणजे कणा सुजून आखडत जाणारा वात) यांचं नातं १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिसमध्ये स्वतंत्रपणे सापडलं. सांध्यांच्या आजारांत इतकं घट्ट नातं दुसऱ्या कोणत्याच जनुकाचं नाही. युरोपीय रुग्णांत दहातले नऊ पॉझिटिव्ह असतात. पण उलट बाजूने पाहिलं की चित्र बदलतं. बी२७ असलेल्या शंभर जणांत साधारण एक ते पाच जणांनाच एएस होतो.

समजा तुमच्या गावची वस्ती दोन हजार आहे आणि बी२७चं प्रमाण चार टक्के आहे. मग गावात ऐंशी माणसं पॉझिटिव्ह निघतील आणि आजारी असतील त्यांतली एक ते चार. बाकीच्यांना हे जनुक आपल्यात आहे याचा पत्ताही नसतो, आणि लागायची गरजही नाही. सख्ख्या नात्यात एएसचा रुग्ण असेल आणि तुम्हीही पॉझिटिव्ह असाल, तर धोका दहा ते वीस टक्क्यांपर्यंत जातो.

बी२७चेही उपप्रकार आहेत. २७:०४ आणि २७:०५ आजाराशी जोडलेले आहेत, २७:०६ आणि २७:०९ यांचा संबंध फारच क्षीण. नेहमीचा रिपोर्ट उपप्रकार सांगत नाही. बी२७ निगेटिव्ह असूनही एएस असू शकतो. अशांत आयएल२३आर यांसारख्या इतर जनुकांचा हात असतो.

कंबरदुखी कामाची की बी२७ तपासण्याजोगी, हे कसं ओळखायचं?

ऊसतोडीवरून परतलेला पंचविशीतला पोरगा ‘मोळ्या उचलून कंबर धरली’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा त्याचं खरंच असतं. फरक असा: कामाचं दुखणं विश्रांतीने उतरतं आणि वाकल्या-उचलल्यावर वाढतं. सुजेचं दुखणं उलट वागतं. पहाटे तीन-चारला जाग येते, सकाळी बाजेवरून उठताना कंबर लाकडासारखी असते, आणि फिरल्यावर, काम सुरू केल्यावर ती मोकळी होते. सुरुवात पंचेचाळिशीच्या आत, बहुतेकदा विशीत, हळूहळू, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ. कधी उजवा कुल्ला दुखतो, कधी डावा. टाच सकाळी टेकवत नाही. डोळा लाल होऊन दुखतो, उजेड सहन होत नाही. हा डोळा आला म्हणून दुकानातले थेंब टाकत बसू नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा.

असं चित्र असेल तर बी२७ तपासणीला अर्थ आहे. पुढची पायरी सॅक्रोइलिॲक सांध्यांचा, म्हणजे कण्याचं खालचं टोक कुल्ल्याच्या हाडाला जुळतं त्या सांध्यांचा, एक्स-रे. तो साफ असला म्हणून विषय संपत नाही, कारण एक्स-रेत बदल दिसायला काही वर्षं जातात. एमआरआयमध्ये सूज आधी दिसते. एमआरआय सांगताना ‘सॅक्रोइलिॲक सांध्यांचा, स्टर (STIR) सिक्वेन्ससह’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या, स्टर म्हणजे सूज टिपणारी चित्रं. नुसता ‘लंबर स्पाइन’चा एमआरआय काढून पैसे वाया गेल्याची उदाहरणं फार आहेत.

रक्ताचा नमुना देताना काय चुकतं?

उपाशी राहायची गरज नाही, चालू गोळ्यांनी निकाल बदलत नाही. जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत दोन-तीन मिली रक्त पुरतं. आयुष्यात एकदाच करायची ही तपासणी आहे. तो रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवा, दर डॉक्टरकडे नव्याने करू नका.

गोंधळ होतो तो पद्धतीमुळे. बी२७ दोन प्रकारे तपासतात. फ्लो सायटोमेट्रीत जिवंत पांढऱ्या पेशी लागतात, म्हणून नमुना एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचावा लागतो, तोही साध्या खोलीच्या तापमानाला. तालुक्याला शनिवारी दुपारी काढलेलं रक्त रविवारभर पडून सोमवारी पुण्या-मुंबईकडे निघालं, किंवा मे महिन्यात गाडीच्या डिकीत तापलं, किंवा कुणी फ्रीझरमध्ये ठेवलं, की पेशी मरतात. शिवाय या पद्धतीत बी७ या शेजारच्या प्रकाराला अँटिबॉडी चिकटून खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. पीसीआर पद्धतीत फक्त डीएनए लागतो. तो प्रवासात जास्त टिकतो आणि बी७शी गल्लत होत नाही. बाहेरगावी नमुना जाणार असेल तर पीसीआरच मागा आणि सोमवार ते बुधवार या दिवसांत रक्त द्या. फ्लोचा रिपोर्ट काठावरचा आला तर पीसीआरने पक्का करून घ्या.

मोठ्या भावाला एएस आहे. धाकट्याची तपासणी आत्ताच करून टाकू का?

त्रास नसेल तर नको. पॉझिटिव्ह आला तरी देण्यासारखं प्रतिबंधक औषध नाही, हाती येते ती फक्त काळजी. त्यापेक्षा वरची लक्षणं त्याला समजावून सांगा.

आमच्याकडे गावातल्या बऱ्याच जणांची पाठ आखडलेली आहे. हे खानदानी असेल का?

एकाच घरातल्या लोकांपेक्षा एकाच बोअरचं पाणी पिणाऱ्यांत आखडलेपण दिसत असेल, तर आधी पाणी तपासा. मराठवाड्यात नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागासह अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं की हाडं दाट होतात, अस्थिबंधांत चुना साठतो आणि कणा ताठ होतो. दिसायला हुबेहूब एएस. फरक असे: ईएसआर-सीआरपी सहसा वाढलेलं नसतं, त्याच गावात लहानपण गेलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात, आणि कोपराखालच्या हाताच्या एक्स-रेत दोन हाडांमधल्या पडद्यात चुना दिसतो.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत द्या, काचेच्या नको. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं.

जनावरं पाळणाऱ्यांनी आणखी एक नाव ध्यानात ठेवावं: ब्रुसेलोसिस. कच्चं दूध प्यायल्यावर किंवा गाभडलेल्या जनावराची वार हाताळल्यावर तो होतो आणि सॅक्रोइलिॲक सांधा सुजवतो. सोबत चढउताराचा ताप आणि घाम असेल तर डॉक्टरांना गोठ्याबद्दल आपणहून सांगा.

मामाच्या मुलीशी लग्न झालंय. मुलांना आमवात जास्त होईल का?

आमवात, एएस, सोरायसिसचा वात हे अनेक जनुकांचे आजार आहेत. नात्यातल्या लग्नाने त्यांचा धोका एकदम उसळत नाही. खरा धोका दुर्मीळ, अप्रभावी जनुकांच्या आजारांचा. आते-मामे भावंडांत जनुकांचा आठवा हिस्सा सामाईक असतो, मामा-भाचीत चौथा. एकाच आजोबांकडून आलेला तोच बिघाड नवरा-बायको दोघांत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक मूल आजारी होण्याची शक्यता असते. आई-वडील मात्र धडधाकट असतात.

यांतला एक आजार सांध्यांच्या सुजेच्या नावाखाली वर्षानुवर्षं चुकीची औषधं खातो. त्याचं नाव प्रोग्रेसिव्ह स्यूडोऱ्हुमॅटॉइड डिस्प्लेशिया, बिघाड सीसीएन६ या जनुकात. तीन ते आठ वर्षांच्या वयात सुरुवात होते. मूल लवकर थकतं, डुलत चालतं, बोटांची पेरं जाड होतात. नीट दाबून पाहिलं तर पेरं मऊ किंवा गरम नसतात, हाडासारखी टणक असतात. ईएसआर, सीआरपी नॉर्मल. कण्याच्या एक्स-रेत मणके चपटे झालेले दिसतात. जिथे पोराचा आमवात म्हणून स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेट वर्षभर देऊनही काहीच फरक नाही आणि आई-वडील नात्यातले आहेत, तिथे कण्याचा एक साधा एक्स-रे काढलाच पाहिजे. या आजारात ती औषधं निरुपयोगी आहेत. व्यायाम, फिजिओथेरपी आणि पुढे गरज पडल्यास खुब्याची शस्त्रक्रिया, एवढाच उपाय.

इथे मात्र जनुक तपासणीचा पैसा वसूल होतो. क्रम असा ठेवा: आधी आजारी मुलाची तपासणी करून नेमका बिघाड शोधायचा, मग आई-वडिलांत तोच आहे का ते पाहायचं, आणि त्यानंतरच पुढच्या गरोदरपणाचा विचार. बिघाड आधीच माहीत असेल तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. दिवस राहिल्यावर धावपळ सुरू केली की वेळ पुरत नाही.

तंबाखू आणि मिश्रीचा काय संबंध?

विडी-सिगारेटचा संबंध पक्का आहे. धुराने फुप्फुसातल्या काही प्रथिनांत रासायनिक बदल होतो, त्याला सिट्रुलिनेशन म्हणतात. डीआरबी१चे ते विशिष्ट प्रकार ज्यांच्यात आहेत त्यांची प्रतिकारशक्ती या बदललेल्या प्रथिनांवर तुटून पडते. अँटी-सीसीपी तपासणी याच अँटिबॉडी शोधते. स्वीडनच्या २००६ सालच्या अभ्यासात त्या विशिष्ट प्रकारांच्या दोन प्रती (आईकडून एक, वडिलांकडून एक) आणि धूम्रपान असं दोन्ही असणाऱ्यांत अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवाताचा धोका, दोन्ही नसणाऱ्यांच्या २१ पट निघाला. जनुक बदलता येत नाही, विडी सोडता येते.

खडी केंद्रावरची आणि दगडखाणीतली सिलिकाची धूळही असाच धोका वाढवते. ओला फडका नाकाला बांधून भागत नाही. एन९५ मास्क आणि दगडावर पाणी मारणं, दोन्ही लागतं.

मिश्रीबद्दल तेवढ्याच ठामपणे बोलता येत नाही. स्वीडनमधल्या तोंडात धरायच्या तंबाखूत आमवाताचा धोका वाढलेला दिसला नाही. पण किडलेल्या हिरड्या आणि आमवात यांचा संबंध दिसतो, आणि मिश्रीने हिरड्यांचं वाटोळं होतं. तोंडाच्या कर्करोगाचा मुद्दा तर वेगळाच.

चिकुनगुन्यानंतर सांधे धरले. हा आनुवंशिक आमवात जागा झाला का?

बहुतेकदा नाही. २००६च्या मोठ्या साथीपासून महाराष्ट्रात हे चित्र ओळखीचं झालं आहे. विषाणूने आणलेली सूज आठवड्या-महिन्यांत ओसरते, काहींची वर्षभर रेंगाळते. तीन महिन्यांनंतरही बोटांचे आणि मनगटाचे सांधे सुजलेलेच असतील तर अँटी-सीसीपी करा. निव्वळ चिकुनगुन्याच्या वातात ती सहसा निगेटिव्ह असते.

युरिक ॲसिड आमच्या घरात सगळ्यांचंच जास्त आहे.

ते खरोखर घराण्यात चालतं. एसएलसी२ए९ आणि एबीसीजी२ ही जनुकं युरिक ॲसिड बाहेर टाकायचं काम सांभाळतात. त्यांतल्या फरकाने पातळी चढते. नुसता आकडा वाढलाय, अंगठा कधी सुजला नाही, मुतखडा नाही, तर सहसा गोळीची गरज नसते. तूरडाळ बंद करायचीही नसते. कमी करायचं ते बिअर, दारू, गोड शीतपेयं, वजडी-कलेजी. ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड उतरवणारी गोळी) लागलंच तर दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीने सुरू करून पातळी ६च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर ५० पासून. एचएलए-बी५८:०१ हे जनुक असलेल्यांत या गोळीने कातडी सोलली जाण्याइतकी भयानक ॲलर्जी होऊ शकते, हे २००५ साली तैवानमध्ये दिसलं. चिनी, कोरियन, थाई वंशाच्या लोकांत आधी तपासणी सुचवतात, आपल्याकडे सरसकट करत नाहीत. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर गोळी तिथल्या तिथे बंद करून दवाखाना गाठा.

जनुकांमुळे एखाद्याला वाताची औषधं सोसत नाहीत, हे खरं का?

ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीच्या बाबतीत पूर्ण खरं. एनयूडीटी१५ जनुकातला एक बदल भारतीयांत बऱ्यापैकी आढळतो. पाश्चात्त्य पुस्तकांत गाजलेल्या टीपीएमटी या जनुकापेक्षा आपल्याकडे याचंच महत्त्व जास्त. हा बदल असलेल्यांत नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी धाडकन उतरतात. तपासणी करता आली तर आधी करा. नाही जमली तर कमी मात्रा, आणि पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस मूठमूठ गळू लागले तर तोच इशारा समजा. ॲझाथायोप्रिन आणि ॲलोप्युरिनॉल एकत्र तर कधीच स्वतःहून घेऊ नका.

सल्फासालाझिन या वाताच्या गोळीआधी जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) जन्मतः कमी आहे का ते विचारून घ्या.

मेथोट्रेक्सेटचा घोळ जनुकांचा नसून चिठ्ठीचा असतो. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. रोज घेतली तर तोंड येतं, रक्त बनणं थांबतं, जीव जातो. गावच्या आठवडी बाजाराचा वार ठरवून घ्या, विसर पडत नाही. फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी. दिवस राहण्याचा विचार असेल तर तीन महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करायची.

पोरीची सोयरीक ठरतेय. बी२७चा रिपोर्ट समोरच्यांना सांगावा का?

आजार असेल आणि औषधं चालू असतील तर सांगावं, पुढे लपत नाही. आजार नाही, नुसतं जनुक आहे, तर तो आजार नव्हे. सोयरीक जुळवण्यासाठी अशा तपासण्या मागणाऱ्यांना नकार द्यायला हरकत नाही.

ऑनलाइन थुंकीची किट मागवून घरादाराचा धोका काढता येईल का?

त्यांची गणितं मुख्यतः युरोपीय लोकांच्या माहितीवर बसवलेली असतात आणि आपल्याकडे ती घसरतात. जीनोमइंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले, पण त्यातून वाताच्या धोक्याचा घरगुती आकडा काढण्याइतकी मजल अजून गेलेली नाही. पैसे ठेवून द्या.

कधी दाखवायचं, कुठे, आणि सोबत काय न्यायचं?

सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त, हस्तांदोलन करताना बोटांची मुळं दुखणं, सांधा डोळ्यांना दिसेल असा सुजणं, आणि हे सहा आठवडे टिकणं. घरात कुणाला वात असेल तर सहा आठवडेही थांबू नका. सूज सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत औषध सुरू झालं तर हाडं झिजणं बरंच रोखता येतं. संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथल्या मेडिसिन ओपीडीपासून सुरुवात करता येते.

सकाळी सांधे सुजलेले असतानाचे मोबाइलवरचे फोटो न्या, दुपारी ओपीडीत सूज उतरलेली असते. घरातल्या कुणाला सोरायसिस, डोळ्याची वारंवार सूज, ताठ पाठ आहे ते कागदावर लिहून न्या, चुलते-आत्यांसकट. आणि कुठल्या पुडीने ‘एका दिवसात आराम’ पडत असेल तर ती पुडीही न्या. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. महिनोन्‌महिने खाल्लेली अशी पुडी एकदम बंद केली तर रक्तदाब पडून माणूस कोसळू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने सोडावी लागते.